पाचवं प्रकरण ऑप्शनला

नारळाचं पहिलं दूध काढून झालं होतं. चोथा पुन्हा मिक्सरच्या भांड्यात घालून, वर कोमट पाणी ओतून मैथिलीताईंनी झाकण दाबलं, तेवढ्यात ओट्यावरचा फोन थरथरला. हात ओले. गाऊनला पुसून त्यांनी फोन उचलला.

"मॅडम, मी पायल. शहाडची."

"अगं, ओळखलं की. बोल."

"रिझल्ट लागला मॅडम. मी राहिले."

"राहिलीस? कशात?"

"तुमच्याच पेपरात. बाकी सगळे निघाले." मागे कुठेतरी पट्टा चालल्यासारखा खडखडाट येत होता. पायल वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात पॅकिंगला होती, जेवणाच्या सुट्टीत फोन करत असावी. "तुम्ही डिसेंबरात बोललेलात ना, पाचव्या प्रकरणावर कुणीतरी लिहायला पाहिजे, तरच ते राहील. मी लिहिलेलं मॅडम. मला पंधरातले तीन दिले."

मिक्सरचं झाकण मैथिलीताईंनी डाव्या हातानं उगाचच घट्ट धरून ठेवलं होतं.

"पण मी सगळ्यांना सांगितलं होतं ना, ते ऑप्शनला टाका म्हणून? ग्रुपवरसुद्धा टाकलं होतं."

"वाचलेलं मी. पण मला वाटलं, तुम्ही घरच्या टेन्शनमध्ये बोललात. म्हणून मी मुद्दाम लिहिलं. जूनमध्ये ऑफिसात घेणार होते मला. ग्रॅज्युएट झाले तर, असं मालक बोललेले. आता पॅकिंगलाच. आई तर बोलते, बस झालं आता कॉलेज."

नारळाचं दुसरं दूध त्या दिवशी काढायचं राहिलं ते राहिलंच. चोथा भांड्यातच आंबला.

मैथिली परुळेकर कल्याणच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. राहायला डोंबिवली पूर्वेला, ठाकुर्लीच्या बाजूच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. मूळ गाव कोकणातलं. घरात देवघर छोटं पण लखलखीत. सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा नाही, हा नेम त्यांनी लग्न झाल्यापासून सोडला नव्हता. बिल्डिंगीतल्या बायकांना त्यांचं कौतुकही होतं आणि थोडं हसूही यायचं. तत्त्वज्ञान म्हणजे नक्की काय शिकवता हो, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "भांडायला शिकवते. आवाज न चढवता." मग बाया म्हणायच्या, ते आम्हाला नाही जमायचं बाई.

वीस-बावीस वर्षं त्या एकच पेपर शिकवत आल्या होत्या, युरोपातलं सतराव्या-अठराव्या शतकातलं तत्त्वज्ञान. त्यात सहा जण, सहाही पुरुष. एका वर्षी वर्गाची तयारी करताना पानाखालच्या बारीक टिपेत त्यांना एक बाई भेटली. एक राजकन्या. राज्य गेलेलं, परक्या देशात राहणारी. त्या सहांपैकी पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पंडिताला तिनं पत्रातून विचारलं होतं: तुम्ही म्हणता मन वेगळं आणि शरीर वेगळं, मनाला ना वजन ना आकार, मग ते शरीराला ढकलतं कशानं? पंडितानं उत्तर पाठवलं. तिला ते पटलं नाही. तिनं अगदी नम्रपणे परत विचारलं. मध्येच एकदा क्षमा मागितली, की घरची दुखणी आणि घराण्याची लफडी निस्तरता निस्तरता उत्तराला उशीर झाला.

एवढी मोठी शंका, आणि जागा कुठे, तर पानाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. मैथिलीताईंच्या मनातून ते जाईना. त्या शोधत गेल्या तसतशा आणखी सापडल्या. एक इंग्रज सरदारीण, जिला तिच्या काळच्या विद्वानांनी वेडी ठरवलं. समुद्रापलीकडच्या एका वसाहतीतली, ख्रिस्ती मठातली जोगीण, जिला शेवटी स्वतःची पुस्तकं विकून टाकावी लागली. आणि आपल्या देशावरची, त्याच शतकातली एक संसारी बाई, नवऱ्याचा मार खात खात आत्म्याचा विचार अभंगात मांडणारी. या चौघींना पेपरात बसवायचं, असं त्यांनी ठरवलं आणि विभागप्रमुख साईनाथ सरांकडे गेल्या.

साईनाथ सर वाईट माणूस नव्हे. मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरणारा माणूस. पण त्यांच्या डोक्यात अभ्यासक्रम म्हणजे देवळाचा गाभारा. तिथल्या मूर्ती हलवायच्या नाहीत.

"मॅडम, अभंगवाली बाई मराठी विभागाची. ती आपल्याकडे कशी येईल?"

"विचार केला म्हणून येईल, सर."

"आणि या बाकीच्या तिघी? यांचं मराठीत पुस्तक आहे? गाईड आहे? आपली मुलं वाचणार कुठून?"

"मी नोट्स लिहीन."

"लिहा लिहा. तुम्ही तर लेडीज डबाच जोडायला निघालात गाडीला."

ते नाव स्टाफरूममध्ये चिकटलं. लेडीज डब्याचं काय झालं, लेडीज डबा लागला का, असं येताजाता चालायचं. मैथिलीताई हसण्यावारी न्यायच्या आणि दरवर्षी अर्ज द्यायच्या. कॉलेजला स्वायत्तता मिळाली, अभ्यासक्रम घरच्या घरी ठरायला लागला, तेव्हा साईनाथ सर एक दिवस म्हणाले, "द्या तुमचं प्रकरण. पाचवं करू. पण एक वर्ष बघणार. मुलांनी परीक्षेत लिहिलं तर ठेवू, नाही लिहिलं तर काढू. मग माझ्याशी भांडायचं नाही. आवाज न चढवतासुद्धा."

त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे साखर ठेवली. महिपतरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, विचारलं, "कसली साखर?"

"चौघींना प्रवेश मिळाला."

"होस्टेलला?" ते म्हणाले, आणि दोघं खूप हसले. महिपतराव वागळे इस्टेटमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. तत्त्वज्ञानाशी त्यांचा संबंध नव्हता, पण बायकोच्या नोट्सची झेरॉक्स आणायला तेच जायचे.

आता परीक्षेची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेपरात पाच प्रकरणं, पाच प्रश्न, त्यातले कोणतेही चार लिहायचे. म्हणजे एक प्रकरण न वाचता चालतं. मुलं त्याला ऑप्शनला टाकणं म्हणतात. कुठलं टाकायचं, ते शेवटच्या तासाला बाईंना विचारून ठरतं, आणि एकदा बाईंनी सांगितलं की सगळा वर्ग एकजात तेच टाकतो. ज्या प्रकरणाचं गाईड नाही, ते तर आपोआपच जातं. हे मैथिलीताईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून डिसेंबरात, पाचव्या प्रकरणाचा पहिला तास घेतला, तेव्हाच त्यांनी वर्गाला हात जोडल्यासारखं सांगितलं होतं, "बाकी काहीही ऑप्शनला टाका, हे टाकू नका. यावर कुणी लिहिलंच नाही तर पुढच्या वर्षी हे नसेल. कुणीतरी लिहायला पाहिजे."

त्या तासाला पायल पहिल्या बाकावर होती. रात्रपाळी करून आलेली, पण टक्क जागी. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, ही राजकन्या भारी आहे. कळलं नाही तर कळलं नाही म्हणते."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी महिपतराव बाथरूममध्ये पडले. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, एका शब्दापुरतं उरलं, आणि तो शब्द होता 'नको'. पाणी हवं असलं तरी नको, खिडकी उघडायची तरी नको. त्यांना सांभाळायला सगुणा म्हणून बाई ठेवली, तिनं चार दिवसांत त्यातही अर्थ लावले. "दादांचं एकदा नको म्हणजे हो," ती सांगायची. "दोनदा नको म्हणजे चहा. आणि डोळे मिटून नको म्हणले ना, की बाई, आपण बाहेर जायचं."

मैथिलीताईंनी रजा काढली. दिवसभर त्या एकच गोष्ट बघत बसायच्या. महिपतराव चादरीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे एकटक बघायचे. कपाळाला आठ्या पडायच्या, मानेची शीर फुगायची. आतून ते हाताला सांगत होते, ऊठ. हात ऐकत नव्हता. मग ते बायकोकडे बघायचे, आणि त्या नजरेत सरळ विचारणा असायची. मैथिलीताईंना ती विचारणा तोंडपाठ होती. वर्गात फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी होती ती, राजकन्येच्या नावानिशी. आता ती पलंगावरून येत होती. रोज दिवा लावताना त्या देवालाही विचारायच्या. देव काय, आपल्या वेळेनं बोलतो.

परीक्षेच्या आधी एकच तास घ्यायला त्या कॉलेजला गेल्या. वर्ग भरलेला होता. पायल नव्हती, तिची दिवसपाळी होती. त्यांनी नोट्स काढल्या, पाचव्या प्रकरणाचं पान उघडलं. अख्खा तास हाताशी होता. त्यात निदान दोघी शिकवून झाल्या असत्या, चौघींची तोंडओळख तरी नक्कीच. खडू घेऊन त्या फळ्याकडे वळल्या. 'मन शरीराला कसं हलवतं' हे लिहायचं होतं. 'मन' लिहिलं. पुढे हात चालेना.

मागून हर्षितनं विचारलं, "मॅडम, ऑप्शनला काय टाकू? सगळं नाही होणार मॅडम, प्लीज."

"पाचवं टाका," मैथिलीताई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या.

वर्गातून सुटकेचा एक मोठा आवाज आला. कुणीतरी "थँक्यू मॅडम" म्हणालं. "ग्रुपवर टाकता का मॅडम, जे आले नाहीत त्यांना?" हर्षित म्हणाला. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर टाकलं. नोट्स मिटल्या. नऊ वर्षं भांडून आणलेलं पान, त्यांच्याच तोंडानं गेलं. साईनाथ सरांना बोट उचलावं लागलं नाही.

घरी आल्यावर सगुणानं विचारलं, "झाला का तास?"

"झाला," त्या म्हणाल्या, आणि महिपतरावांची कूस बदलायला गेल्या.

पायलच्या फोननंतर दोन दिवसांनी अभ्यास मंडळाची बैठक होती, संस्थेच्या ठाण्याच्या कॉलेजात, टेंभी नाक्याजवळ. साईनाथ सर अध्यक्ष. ठाण्याच्या बाजूनं राजरत्न सर, तरुण, हुशार, मैथिलीताईंच्या प्रकरणाच्या बाजूनं पहिल्यापासून बोलणारा एकटा माणूस. बाकी दोघं सह्यांपुरते.

"परुळेकर मॅडम, आधी सांगा, यजमान कसे आहेत?" साईनाथ सरांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

"तसेच आहेत."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "पाचव्या प्रकरणाचं बघू. पंचेचाळीस मुलं बसली. पाचवा प्रश्न एकीनं लिहिला. पेपर बाहेरच्या परीक्षकांनी तपासला, तीन दिले. चौघींची नावं एकमेकींत मिसळली आहेत, जोगिणीला राजकन्या केलंय. मी स्वतः वाचलं. तीनपेक्षा जास्त मीही दिले नसते. ती मुलगी नापास आहे."

"पायल," मैथिलीताई म्हणाल्या.

"नाव मला माहीत नसायला हवं, पण ठीक आहे. ती हुशार आहे. तिनं दुसरा कुठलाही प्रश्न लिहिला असता तर निघाली असती. आता माझ्याकडे दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही नियमात आहेत." त्यांनी टेबलावर दोन बोटं ठेवली. "तुम्ही लेखी दिलंत की हे प्रकरण शिकवलं गेलं नाही, तर न शिकवलेल्या भागावरचा प्रश्न म्हणून परीक्षा समिती तिच्या बाकीच्या तीन प्रश्नांची सरासरी त्या प्रश्नाला देते. ती पास होते. पण जे प्रकरण शिकवलंच नाही, ते मंडळ पुढे चालू ठेवत नाही. ते जातं. किंवा तुम्ही म्हणा, शिकवलं. मग मी म्हणेन, मॅडमच्या घरची परिस्थिती होती, अजून एक वर्ष देऊ. प्रकरण राहतं. मुलगी ऑक्टोबरात परत बसेल."

"दोन्ही नाही का करता येणार?"

"दोन्ही कसं करू मॅडम? शिकवलंही आणि नाहीही शिकवलं, असं?"

राजरत्न सर पुढे वाकले. "मॅडम, डिसेंबरात एक तास झालेला ना? तुम्हीच मला फोनवर सांगितलेलं. एक तास झाला म्हणजे शिकवलंच. तसं द्या. पुढच्या वर्षी मी ठाण्यालाही तेच प्रकरण लावतो, नोट्स आपण मिळून करू. आता सोडलंत तर परत नाही यायचं. तुम्ही पुढच्या वर्षी रिटायर. तुमच्या जागेवर तासिकेवर कोणी येणार, तो गाईडबाहेर पाऊल टाकणार नाही."

"मला माहीत आहे."

"मग? मुलगी काय, ऑक्टोबरात सहज निघेल."

"ऑक्टोबरापर्यंत तिला कुणी बसू देणार नाही सर. घरी नाही म्हणतात."

"हे प्रत्येक मुलीचं असतंच मॅडम. मी वागळे इस्टेटच्या चाळीतलाच. माझ्या बहिणीचंही होतं. म्हणून काय अभ्यासक्रम सोडायचा?"

हे त्यांनी तिडिकेनं म्हटलं, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मैथिलीताईंनी त्यांच्याकडे बघितलं. चारशे वर्षं ज्यांना कुणी विचारलं नाही, त्या चौघी एकीकडे. दुसरीकडे रात्रपाळी करून पहिल्या बाकावर बसणारी एक पोर, जिनं बाईंचा एक शब्द खरा मानला. शब्द बाईंचाच, आणि तो मोडलाही बाईंनीच. शेवटच्या तासाचा खडू अजून त्यांना बोटांत जाणवत होता.

"शिकवलं नाही," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या सर."

"मॅडम, विचार करा," राजरत्न सर म्हणाले.

"केला."

साईनाथ सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. पेनही त्यांनीच दिलं. मैथिलीताईंनी दोन ओळी लिहून खाली सही केली. कागद परत घेताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "मला यात आनंद नाही हो मॅडम. लेडीज डबा म्हणायचो ती थट्टा होती."

"असू दे सर."

"मुलीचा अर्ज लागेल. तिच्या सहीचा. उद्या बारापर्यंत परीक्षा विभागात. त्यानंतर निकाल कायम होतो."

राजरत्न सर वहीत काहीतरी खरडत बसले. चहा आला तेव्हा त्यांनी घेतला नाही, आणि मैथिलीताई निघाल्या तेव्हा वर बघितलं नाही. देवीपुढचा नैवेद्य कुणी परस्पर उचलून न्यावा, तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

बाहेर नाक्यावर ऊन रणरणत होतं. मंडपाचे बांबू रचून ठेवले होते, त्यांच्या सावलीत उभं राहून त्यांनी पायलला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"पायल, ऐक. तू पास होशील. एका अर्जावर सही लागेल, मी आणते अर्ज."

"खरंच मॅडम? तपासायला देणार परत?"

"तपासणार नाहीत. तो भाग शिकवला गेला नव्हता, असं मी लिहून दिलंय. बाकीच्या तीन प्रश्नांच्या सरासरीनं मार्क मिळतील तुला."

पलीकडे पट्ट्याचा आवाज. मग तो कमी झाला, पोरगी बाजूला आली असावी.

"आणि ते प्रकरण?"

"ते निघालं."

"म्हणजे कायमचं?"

"हो."

"मग मी कशाला लिहिलेलं, मॅडम?" तिचा आवाज चढला नव्हता. नेमकं जसं मैथिलीताई वर्गाला शिकवायच्या, तसं ती बोलत होती. "सगळे बोललेले, कशाला लिहितेस, वेडी आहेस का. मी तीन मार्क घेऊन गप बसलेले. कारण मला वाटलं, एकीनं लिहिलं तरी चालतं. आता तुम्हीच बोलता, शिकवलं नाही. मी त्या तासाला होते ना, मॅडम? मी होते की."

"होतीस."

"मग मी नाही सही करणार. मला नको तसले मार्क."

फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर बंद.

मैथिलीताई तिथेच उभ्या राहिल्या. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही. नाक्यावरच्या देवीच्या तसबिरीला त्यांनी सवयीनं हात जोडले, मागितलं मात्र काही नाही. पोरीचं खरं होतं. ती तासाला होती, तो तास झाला होता, आणि तरी खाली सही त्यांनी केली होती. आता तिनंही तेच खोटं आपल्या सहीनं लिहून द्यावं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं, ते त्यांना सुचत नव्हतं. पण उद्या बाराच्या आत सांगायलाच हवं होतं.

त्यांनी सगुणाला फोन केला.

"सगुणा, मला उशीर होईल. यांना पेज भरवशील? जरा पातळ कर."

"भरवते. दादा विचारतायत, कुठंयत म्हणून."

"कसे विचारतायत?"

"डोळे दाराकडे करून नको म्हणले. म्हणजे तेच. काय सांगू?"

"शहाडला जातेय म्हण. पायलच्या घरी."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात कोरा अर्ज मिळाला, तो त्यांनी पर्समध्ये घडी न घालता ठेवला. मग त्या स्टेशनकडे निघाल्या. पायलची पाळी सुटून ती घरी पोचायच्या आत शहाड गाठायचं होतं, आधी तिच्या आईशी बोलायचं होतं आणि मग पोरीची सही घ्यायची होती.